आळ्याच्या रोपवाटिकेचं मूल्यांकन

अवसरी बुद्रुक,
मंगळवार, २५ जानेवारी २००५

आदरणीय हौशीराम दाजी यांना सोमाजीचा साष्टांग नमस्कार, आणि चिमाताईला दंडवत. (ती माझी थोरली बहीण. तरीही पत्रात तिचं नाव तुमच्यानंतर येतं. या प्रथेविरुद्ध मी तीन तालुक्यांत भाषणं केली, पण पत्र लिहिताना माझाच हात कचरतो.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? चिमाताई रक्तदाबाची गोळी रोज घेते, की मी विचारलं त्या दिवशीच घेते? आम्ही इकडे ठीक आहोत. वृषालीची तब्येत तर फारच छान आहे. त्याचं कारण पुढे येईल.

तुमचं पत्र आणि सोबत तीन स्थळांच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स मिळाल्या. लेक वृषाली आळेफाट्याच्या बँकेत लागल्यापासून दोन वर्षं माझ्याकडे राहते, तिचा स्वभाव मला ठाऊक, म्हणून महिनाअखेरपर्यंत तिघांतला एक मीच निवडून कळवावा, असं तुम्ही लिहिलंत. अटही घातलीत, की मुलगा नोकरीवालाच हवा, धंद्यावाल्याचं नाव काढायचं नाही. हा विश्वास मी मोठा मानतो. उत्तर देणारच आहे. पण आधी माझ्या वर्गाबद्दल सांगितल्याशिवाय ते उत्तर तुम्हाला कळणार नाही.

दिवाळीपासून दर रविवारी सकाळी इथल्या वाचनालयात मी नोकरदारांना धंद्याचं मूल्य काढायला शिकवतो. निवृत्त झालेल्या वाणिज्याच्या प्राध्यापकाने विठोबाच्या देवळात पत्ते कुटावेत अशी गावाची अपेक्षा होती, ती मी पूर्ण केली नाही. अकरा जण येतात. दोन मुख्याध्यापक, एक गुरांचे डॉक्टर, पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर, जुन्नरचे करसल्लागार अकबरभाई, आपली वृषाली, असे सगळे मिळवते आणि शिकलेले. यातला प्रत्येक जण बैल घेताना दात बघेल, चार पावलं चालवून बघेल, मालकाची शेजाऱ्याकडे चौकशी करेल. आणि हाच माणूस शेअर घेताना पानाच्या टपरीवर विचारून घेतो. हे मला सहन होत नाही दाजी. मी त्यांना सांगतो, शेअर म्हणजे कागद नव्हे, तो चालत्या धंद्याचा तुकडा आहे. तो धंदा उठून बघा. माल कोण घेतं, परत का येतं, मालक शब्दाला जागतो का, हे विचारा. मग किंमत काढा, आणि विहिरीला कठडा असतो तसा त्या किमतीलाही ठेवा. शंभराचं वाटलं तर साठालाच हात घाला, म्हणजे पाय घसरला तरी बुडणार नाही. (शहाण्णव साली तुम्ही पैसे भरलेल्या त्या सागाच्या झाडांचा विषय मी इथे काढत नाही. पत्रकावर झाडाखाली टाय घातलेला माणूस उभा होता, एवढ्यावर तुमचा विश्वास बसला. झाडं कुठे आहेत हे आजही कुणाला माहीत नाही. पण तो विषय मी काढत नाही.)

तर प्रात्यक्षिकासाठी एखादा खरा धंदा हवा होता. वृषालीने आळ्याची एक रोपवाटिका सुचवली. टोमॅटोची, मिरचीची रोपं ट्रेमध्ये वाढवून शेतकऱ्यांना विकतात. कोंडाबाई नावाच्या विधवा बाईंनी ती उभी केली, आता मुलगा सुदर्शन बघतो. तो शेतीचा पदवीधर आहे. वृषालीने निरोप धाडला, आणि परवा रविवारी आम्ही सात जण अकबरभाईंच्या जीपमधून गेलो. लोक आपल्यासाठी वेळ काढतात, तर इस्त्रीचे कपडे घाला, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून पेढेही मीच घेतले. वृषाली साडी नेसून आली, तेव्हा मला वाटलं, बघा, बँकेच्या नोकरीने पोरीला शिस्त लागली.

अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. पाणी आलं, कांदेपोहे आले. मला जरा जास्त वाटलं, पण आळ्याचे लोक पाहुणचाराला भारी, असं मनात म्हणून मी चौकशीला लागलो. वर्षाचं उत्पन्न किती, जमीन कुणाच्या नावावर, भाऊबंदांचा हिस्सा किती. सगळा धंदा एकाच माणसावर असेल तर त्याची प्रकृती बघावी हे मी वर्गात शिकवलेलं, म्हणून डॉक्टरांनी सुदर्शनला आजार, व्यसन, चष्म्याचा नंबर विचारला. तो मान खाली घालून उत्तरं देत होता. अकबरभाईंनी तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली, तर कोंडाबाईंनी पत्र्याची पेटीच आणून ठेवली. तीत सातबारा होता, विवरणपत्रं होती आणि मुलाची पत्रिकाही होती. अकबरभाईंनी तीही इमानदारीने उतरवून घेतली, ‘पुढील वर्षांचे अंदाज’ या मथळ्याखाली.

तेवढ्यात राजुरीचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. नेलेली रोपं सगळी माना टाकून. टेम्पो दिवसभर उन्हात उभा केला होता हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. चूक उघड त्याची होती. सुदर्शन उठला, त्याने चाळीस ट्रे नवे भरून दिले, पैसे घेतले नाहीत. मी कोंडाबाईंना म्हणालो, हा तर तोटा झाला. त्या म्हणाल्या, “मेल्याल्या रोपाचं पैसं घेतलं तर मानूस परत कशाला यील, पावणं? बारा वर्सं झाली, आमचं गिऱ्हाईक तुटलं न्हाई.” मी तीस वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते या बाईने पोह्यांवर खोबरं पेरता पेरता सांगितलं.

मग पदराने हात पुसत त्या माझ्यासमोर बसल्या.

“तुमी इचारलं त्ये समदं आमी खरं सांगितलं. आता आमची एक अट हाय. पोरगी नोकरी सोडनार न्हाई, आन् आमी सोडू देनार न्हाई.”

दाजी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे लोक आम्हाला स्थळ बघायला आलेले समजत आहेत. इस्त्रीचे कपडे, पेढे, साडी, मामा, आणि त्यावर माझे प्रश्न. दुसरं काय समजतील? मी ताडकन उठलो, गैरसमज दूर करायला. पण मी उभा राहिलो की काय होतं हे तुम्ही माझ्या लग्नात पाहिलं आहे. सुरुवात ‘आम्ही केवळ अभ्यासासाठी आलो आहोत’ इथून केली, तिथून विश्वास ही धंद्याची खरी मालमत्ता या मुद्द्यावर आलो, तिथून राजुरीच्या टेम्पोवर, आणि पंचविसाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की असा माणूस मिळत असताना पगारपत्रकं चाळत बसणारा मामा नालायक आहे. हे मी मोठ्याने म्हणालो. टाळ्या पडल्या. कोंडाबाईंनी मला कुंकू लावून हातात नारळ दिला, आणि मी तो घेतला.

परतताना जीपमध्ये मी वृषालीची हात जोडून माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “जाऊ द्या मामा, तुमचा हेतू चांगला होता.” केवढं मोठं मन पोरीचं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

काल सर्वांचे पेपर तपासले. एकाच रोपवाटिकेच्या पाच किमती निघाल्या. एका मुख्याध्यापकांची उणे आली, ती मी दुरुस्त केली. वृषालीच्या पेपरवर आकडा नव्हता. बँकेच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: ‘या व्यवहारात माझा हितसंबंध असल्याने मी मूल्यांकनातून बाजूला राहते.’ मग मी अकबरभाईंना फोन केला. ते आधी हसले आणि मग बोलले. रोपवाटिकेच्या शेडनेटसाठी वृषालीच्याच बँकेने कर्ज दिलंय, त्याची जागेवर जाऊन तपासणी वर्षातून एकदा करायची असते, आपल्या लेकीने नऊ वेळा केली. म्हणजे त्या अंगणात गैरसमज फक्त एकाच माणसाचा झाला होता.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला ऊब द्या.

तुमचा,
सोमाजी

ता. क. तिन्ही पगारपत्रकं परत पाठवत आहे. नावं झाकून वर्गात चर्चेला घेतली होती. एक मुलगा बरा निघाला, पण त्याच्यासाठी गुरांच्या डॉक्टरांनी आपली पुतणी आधीच सुचवली आहे.

ता. क. २. लिहायचं होतं ते हेच. रविवारी, सहा फेब्रुवारीला, चिमाताईला घेऊन आळ्याला या. नकार द्यायचा तर द्या, तो तुमचा हक्क आहे, नारळ मी फोडलेला नाही. पण साग तुम्ही न बघता घेतलात, ही रोपं तरी बघून नाकारा. त्या दिवशी मी एक शब्दही बोलणार नाही. (चिमाताईला हे वाचून दाखवू नका, हसून तिचा रक्तदाब वाढेल.)

ता. क. ३. पत्र टाकायला वृषाली दारात उभी आहे. आत काय लिहिलंय हे तिने विचारलेलं नाही. फक्त माझं अक्षर पोस्टमनला लागणार नाही म्हणून पत्ता स्वतः पुन्हा लिहिला, आणि पाकिटावर तिकिटं दुप्पट लावली.