वडिलांचा चिकटवलेला हात

प्रिय एरमेक,

हे पत्र तुझ्या वकीलबाई हातोहात देतील. शेवटपर्यंत वाच, लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. बिश्केकच्या गोदामाला आग लागली त्या संध्याकाळी तू नारीनला, ताईच्या बाळाला पाळण्यात घालण्याच्या सोहळ्यात होतास, याचा एकच पुरावा होता, तो फोटो. नातेवाइकांच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतं? घरचे तर बोलणारच. फोटो तपासायला आला तो नेमका माझ्या टेबलावर. आपली ओळख, ती दोन वर्षं, मी ऑफिसात कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं. वाटलं, मीच तुला सोडवीन. केवढा माज होता मला!

फोटो साठवताना संगणक त्याचे बारीक चौकोन पाडून ते दाबून बसवतो. बाहेरचा तुकडा आणून चिकटवला की त्या दाबाच्या खुणा बाकीच्यांशी जुळत नाहीत आणि आमच्या पडद्यावर तेवढाच भाग उजळतो. उजळले ते तुझे वडील. चार वर्षांपूर्वी गेलेले बोलोतकाका, डोक्यावर पांढरी टोपी, हात तुझ्या खांद्यावर. मी कपाळावर हात मारून घेतला.

नियम मोडून नारीनला तुझ्या आईकडे गेले. अपांनी तळलेल्या गरम बोरसोकची परात पुढे सरकवली. "किती वाळलीस गं! सरकार जेवायला घालत नाही का?" मग म्हणाल्या, "नातवाच्या सोहळ्यात आजोबा नाहीत, असला फोटो भिंतीला लावू होय मी? स्टुडिओवाल्याला म्हटलं, ह्यांना बसव." यात त्यांचं काय चुकलं? माझ्या आईनेही गेलेल्या मामाला माझ्या पदवीच्या फोटोत उभा केलाय. मूळ फोटो मागितला तर म्हणाल्या, "तो पुसून टाकला. ह्यांच्याशिवायचा ठेवून काय करू?" स्टुडिओवाल्याकडेही तो नाही. हात नीट बसावा म्हणून त्याने तुझा खांदाही सरकवला, नव्याने साठवताना तारीख गेली. वर अपांनी तो साऱ्या गोतावळ्याला फोनवरून पाठवला. प्रत्येक फेरीत फोटो पुन्हा दाबला गेला आणि तुझ्या बाजूच्या उरल्यासुरल्या खुणाही धुऊन निघाल्या.

तीन आठवडे मी होते नव्हते ते उपाय केले. काल अहवालावर सही केली: फोटोत फेरफार आहे, उरलेल्या भागाची खात्री देता येत नाही. त्यातलं अक्षरही खोटं नाही. खोटं लिहायला बसलेही होते, हात धजला नाही. मला माफ कर असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

उद्या तो वाचला जाईल. रशियनमध्ये वाचतील, अपांना त्यातलं फारसं कळायचं नाही. त्या पहिल्या बाकावर असतील. नारीनहून मी निघताना मला विचारत होत्या, "सुटेल ना गं? फोटोत बाप पाठीशी आहे त्याच्या." मी हो म्हणाले. अहवाल ऐकताना तू वळून त्यांच्याकडे बघशील, या भीतीने हे पत्र लिहिलं. बघू नकोस, एरमेक. तुझा चेहरा त्या लगेच वाचतील, फोटोमुळेच सगळं बुडालं हे ओळखतील. नंतर विचारतीलच, तेव्हा सांग की मीरिमने जुना राग काढला, मुद्दाम घात केला. त्यांना ते पटेल. मला शिव्या घालत का होईना, त्या जगतील.

अजूनही तुझीच,
मीरिम