सखूबुढीनं सरवा वेचला नाही

भाद्रपद वद्य पंचमी, शके १८२२. मेडशी.

मूग घरी आला, पण वावरात गळालेल्या शेंगा तशाच पडून आहेत. हा पडलेला सरवा वेचायला गोरगरिबांपैकी कोणीच आलं नाही. दुष्काळाआधी सखूबुढी माझ्याही आधी वावराच्या धुऱ्यावर हजर असायची. वेचलेली पहिली मूठ माझ्या बैलाच्या तोंडात घालायची, मग स्वतःची ओटी भरायची. फुकट काही घेणारी बाई नव्हती ती.

संध्याकाळी तिच्या दारावरून आलो. नुसती बसली होती. मी चिडूनच विचारलं, "काहून वं बुढे, शेंगा सडून राह्यल्या, वेचाले काहून नाई आली?"

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "आली तं तुमी पैसा बंद करसान, पाटील. तुमीच म्हनलं होतं, ज्याचे हातपाय चालते त्याले सरकारचा पैसा नाई."

म्हटलं होतं खरं. माझ्याच ओट्यावर, दुष्काळाचे सरकारी पैसे वाटताना, मोठ्यानं. तेव्हा माणसं मरत होती. पण आता पाऊस झाला, पीक आलं, आणि धडधाकट बाई हात लपवून बसते. हे तिला कोणी शिकवलं? सरकारनं? की मी?

सांगायला हवं होतं, वाटप आज ना उद्या संपणार, ऊठ, वेचाले चाल. जिभेवर आलंही होतं. तोंडातून निघालं, "नाई करत बंद."

ती वाकून पाया पडली. इतक्या वर्षांत कधी पडली नव्हती.

शेंगा अजून वावरातच आहेत. आणि मला तिचं ते पाया पडणं आवडलं.