बारा मिनिटं पुढे

सोमवार, दि. ३
शिक्षक-खोली, चौथा तास

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीचा पत्ता तुझ्या आईने सांगितला आणि मी घाईघाईत लिहून घेतला. पत्र पोचलं तर पोस्टमन हुशार म्हणायचा. इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतोय आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त. तुझ्या खोलीत शिवणयंत्र आलंय, पण तुझ्या पुस्तकांना मी कुणाला हात लावू दिलेला नाही. मावशीच्या लाँड्रीत तू कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावतेस असं कळलं. मावशी म्हणते, पोरीची एकही चिठ्ठी चुकत नाही. मला ठाऊकच होतं.

आता मुद्द्यावर येते. इतिहासाच्या फेरपरीक्षेचा फॉर्म सोबत पाठवलाय. शुक्रवारी, चौदा तारखेला मुदत संपते. मी सगळं भरलंय, फक्त तुझी सही हवी. एका विषयासाठी कॉलेज अडलंय, ठमे. तीन गुणांसाठी.

पद्धत तुला पाठ आहे, तरी उजळणी करते, कारण शिक्षिकेला राहवत नाही. गुण ऐंशी, मिनिटं एकशे ऐंशी. एका गुणाला दोन मिनिटं धरलीस की वीस उरतात: दहा पेपर वाचायला, दहा शेवटी तपासायला. ‘कारणे लिहा’ म्हटलं तर कारणंच लिही. परवा एकीने तहाची कारणं विचारल्यावर तहानंतर दोन्ही राजांच्या तब्येती कशा राहिल्या ते पानभर लिहिलं. सन आठवला नाही तर शतक लिही, पण जागा कोरी सोडू नकोस. टिपेला चार मुद्दे पुरेत. पाचव्याचा मोह झाला तर आवर, तो पुढच्या प्रश्नाचा वेळ खातो.

या वेळी दोन गोष्टी मात्र बदल. आठ गुणांचा सविस्तर प्रश्न शेवटाला ठेवू नकोस, पहिल्या तासातच उरकून टाक. आणि मनगटावर स्वतःचं घड्याळ बांधून जा. मीच वर्गात सगळ्यांची घड्याळं काढायला लावायचे, हे मला आठवतंय. आता बांध म्हणतेय. का ते विचारू नकोस. वय झालं की माणसाची मतं बदलतात.

सही करून फॉर्म लगेच पाठव.

तुझी,
आत्या


गुरुवार, दि. ६

ती. आत्यास,
सा. न.

पत्र मिळालं. पोस्टमन हुशार आहे. फॉर्म परत पाठवतेय, सही न करता. रागावू नकोस.

तुझी पद्धत बरोबरच होती गं. मीच हळू आहे. आमच्या वर्गात पेपर उशिरा मिळाला असं मी तेव्हा म्हटलं होतं, कारण लिहायला सुरुवात केली तेव्हा भिंतीवर अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. पण तू म्हणालीस ना, सगळ्यांना एकाच वेळी मिळाला, सबबी सांगू नकोस. मग माझंच काहीतरी चुकलं असणार. दोनला दहा कमी असताना मोठा प्रश्न राहिला होता. शेवटच्या दहा मिनिटांत नवा प्रश्न घ्यायचा नाही, म्हणून नाही घेतला. लिहिलेलं तपासलं. दोन वाजले तसं पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. बाकीचे लिहीतच होते. मला त्यांचा रागच आला, वेळ संपली तरी लिहितायत म्हणून. घंटा किती वेळाने झाली कुणास ठाऊक.

इथे बरं आहे. खोलीला खिडकी नाही आणि वाफ फार असते, पण कुणी घाई करत नाही. मावशी म्हणते, मला कायमची ठेवून घेईल. बाबाही म्हणाले, ज्याचा जेवढा वकूब तेवढंच त्याने करावं. मला आता ते पटतं.

तुझी,
ठमी


सोमवार, दि. १०
शिक्षक-खोली. खोलीत मी एकटीच आहे.

ठमे,

तुझं पत्र शनिवारी आलं. तेव्हापासून ते माझ्या पर्समध्ये आहे आणि मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आज नीट सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू हळू नाहीस. पेपर उशिरा मिळाला नव्हता. घड्याळ पुढे होतं.

दरवर्षी सराव परीक्षेच्या आधी मी वर्गांतली घड्याळं बारा मिनिटं पुढे करते. मुलं शेवटी रेंगाळतात, म्हणून. शेवटची घंटा वर्गातल्या घड्याळाच्या हिशेबानेच व्हावी, असं शिपायाला आधीच बजावून ठेवते, त्यामुळे पेपर जरा उशिरा मिळाला, एवढंच मुलांना वाटतं. हात थोडा जलद चालायला लागला की माझं काम झालं. या युक्तीचा मला भारी अभिमान होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी घड्याळं मीच वेळेवर आणते, कारण बैठक व्यवस्था माझ्याकडे असते. या वर्षी तुमच्या चार नंबरच्या खोलीतलं राहिलं. शिडी रंगारी घेऊन गेले होते. सकाळी करू म्हटलं आणि सकाळी प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये डोक्यातून गेलं. पर्यवेक्षक चित्रकलेचे सर. त्यांना घड्याळाशी काही देणंघेणं नसतं, ते घंटेवर चालतात. आणि घंटा त्या दिवशी ऑफिसच्या घड्याळावर झाली, म्हणजे बरोबर वेळेवर.

संध्याकाळी खोल्यांना कुलपं लावताना मला ते दिसलं. बाकावर चढून मी काटे मागे फिरवले. वाटलं, आपली मुलं तयार आहेत, निभावलं असेल. घरी आले तर जेवताना तू म्हणालीस, पेपर उशिरा मिळाला. दादा माझ्याकडे बघत होता. तेव्हा मला सगळं माहीत होतं, ठमे. आणि तरी मी म्हणाले, सबबी सांगू नकोस.

घड्याळ विसरले ती चूक होती. जेवताना जे बोलले ती चूक नव्हती, ते जाणूनबुजून होतं.

तक्रारीला पंधरा दिवसांची मुदत होती. मी एकेक दिवस जाऊ दिला. मुख्याध्यापक सुट्टीनंतर निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागेसाठी माझं नाव गेलंय. राहते मी भावाच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या खोलीत, आणि दादाचा स्वभाव तुला ठाऊक आहे. सांगावं तर शाळा आणि घर दोन्ही जाणार, न सांगावं तर तू. कुठूनच वाट दिसेना. मग निकाल लागला आणि दादाने तुझी बॅग भरली. मी दारात उभी राहून तुला ‘जप’ म्हणाले. तेव्हापासून रोज दादा म्हणतोय, घरात इतिहासाची बाई असून पोरगी इतिहासातच गेली, आणि मी खाली मान घालून जेवतेय.

आणखी एक आहे. दोनच्या सुमारास मी पुरवण्या घेऊन तुमच्या खोलीवरून गेले. खिडकीतून तू दिसलीस. सगळे मान खाली घालून लिहीत होते आणि तू एकटी हाताची घडी घालून ताठ बसली होतीस. मला वाटलं, पाहा आमची ठमी, सगळ्यांच्या आधी आटोपून बसली! मला इतका आनंद झाला की पुढच्या खोलीतल्या बाईंना मी सांगितलं. बारा मिनिटं तू तशी बसून राहिलीस. आठ गुणांचा प्रश्न तेवढ्यात निम्मा तरी झाला असता.

त्या खोलीतले बाकी तेवीस जण इतिहासात पास झाले. मी निकाल चाळला. कुणी शेवटच्या पाच मिनिटांत नवा प्रश्न घेतला, कुणी शेजाऱ्याला वेळ विचारली, कुणी दप्तरातलं घड्याळ चोरून पाहिलं. माझा शब्द न् शब्द पाळणारी तू एकटीच निघालीस.

आज सकाळी मी मुख्याध्यापकांना हे सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद माझ्याकडेच परत सरकवला. म्हणाले, “बाई, चार महिने झाले. आता कोण विचारतंय? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? ठेवा पर्समध्ये.” मी बाहेर येऊन लिपिकाकडून त्यावर आवक क्रमांक घालून आणि शिक्का मारून घेतला. आता तो कागद पर्समध्ये जाऊ शकत नाही. काय होईल ते होईल. तुझे गुण त्याने परत येणार नाहीत, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यासाठी फेरपरीक्षाच द्यावी लागेल.

फॉर्म पुन्हा पाठवतेय. सही कर म्हणणार नाही. सांगण्याचा हक्क मी घालवलाय. लाँड्रीत राहायचं असेल तर राहा. मात्र तिथलं काम आवडतं म्हणून राहा. तू हळू आहेस म्हणून तिथे राहिलीस, तर ते माझ्या खोटेपणावर राहणं होईल.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. संध्याकाळी ते उघडंच दादाच्या हातात देणार आहे. वाचेल आणि मग तोच पोस्टात टाकेल. न टाकलं तर, म्हणून एक प्रत मावशीच्या नावाने मीच टाकतेय.

हे पत्र फाडू नकोस. कुणी तुला हळू म्हणालं, अगदी तुझे बाबासुद्धा, तर त्यांच्यापुढे धर. घरगुती पत्र म्हणून कुणी उडवून लावू नये, यासाठी खाली पूर्ण हुद्द्याने सही करतेय. घरातलं नातं लिहायचं धाडस आज होत नाही. ते तुझ्या पुढच्या पत्रात तू लिहिलंस, तरच मी पुन्हा वापरीन.

(सही)
सहायक शिक्षिका, इतिहास
परीक्षेच्या दिवशी खोली क्रमांक चारच्या व्यवस्थेला जबाबदार