खोडद घराणं

वारूळवाडी,
१४ डिसेंबर २००९

तीर्थस्वरूप गुरुजींस,
आरतीचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? जुन्नरला इथल्यापेक्षा गार असेल. पायऱ्या चढू नका.

पत्र मिळालं. ‘परीक्षेत ही चूक कशी झाली ते कळव,’ म्हणता. कळवते.

खोडदच्या दुर्बिणीवर कोरियाचे एक शास्त्रज्ञ सहा महिने होते. त्यांची बायको माझ्याकडे पेटी शिकायला यायची. वर्गातल्या मुली तिला कोरियाच्या वहिनी म्हणत. जाताना तिने तिकडच्या नऊ मुलींच्या गटाची सीडी दिली. ओळ एकीची, पुढची दुसरीची, मग सगळ्यांनी मिळून. स्टेजवर येण्याआधी त्या मुली सहा-सात वर्षं रोज गळा आणि पाय घासतात, असं ती म्हणाली. मी तुमच्याकडे नऊ वर्षं शिकले. मला नवल वाटलं नाही.

त्यातल्या एका गाण्याचं धृपद सरळ भूपात बसत होतं. मध्यम नाही, निषाद नाही. मी स्वरलिपी केली, शब्द ऐकू आले तसे देवनागरीत लिहिले. माझ्या वर्गातल्या रूहीने ते तीनतालात असं उचललं की मी पेटीवरचा हात काढून घेतला.

परीक्षेत तिने तेच गायलं. परीक्षकांनी डोळे मिटून ऐकलं.

“तराण्याचे बोल वेगळे आहेत. घराणं कोणतं?”

रूही म्हणाली, “खोडद.”

त्यांनी ते लिहूनही घेतलं. बाहेर व्हरांड्यात बाकीच्या मुली त्याच गाण्यावर हातवारे करून नाचत होत्या.

“अगं गप, सरांना कळंल कोरियाचं हाय ते!”

“कळू दे की. त्यांनी मान लई डोलावली, आता काय काढून घेत्यात व्हय?”

सर दारातच होते. रूहीचा निकाल थांबला.

तुम्ही म्हणता, दोन ओळी लिहून दे: मुलीने परस्पर केलं, मला माहीत नव्हतं. तुझं परीक्षा केंद्र वाचेल.

गुरुजी, मला माहीत होतं. फॉर्मवरचं ‘तराणा, राग भूप’ हे अक्षर माझं आहे. चूक हा शब्द तुमचा, या पत्रात वर मी तो तसाच राहू दिला. कोरियाचं गाणं म्हटलं असतं तर कोणी डोळे मिटून ऐकलं नसतं.

ही युक्ती मला तुम्ही शिकवलीत. माझ्या शेवटच्या परीक्षेतली द्रुत बंदिश आईची लावणी होती, तमाशाच्या फडात ती गायची ती. तुम्ही ‘राया’ खोडून ‘श्याम’ केलंत. “आता चालेल. आईचं नाव काढू नकोस.” मला पहिला वर्ग मिळाला. घरी आले तर आईने विचारलं, “कंची चीज गायलीस गं?”

मी म्हणाले, “तुला न्हाई कळायची.”

तिने पुन्हा विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

रूहीवर मी काही ढकलणार नाही. परीक्षा मंडळाला आज वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात लिहिलंय: खोटं माझं, गाणं कोरियाचं, भूप शुद्ध. केंद्र काढून घ्या, पोरीचा निकाल द्या. न दिलात तर एप्रिलमध्ये ती दुसऱ्या केंद्रावर हेच गाईल. फॉर्मवर गाण्याचं खरं नाव असेल.

तुमच्याकडे शिकलेली,
सारजाबाई फडवालीची मुलगी
आरती