पहिलं नाव, शेवटचं नाव

नाना, तुमची नात शिकायला इंग्लंडला निघाली आहे. धाकट्याची मोठी मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा ती दुसरीत होती आणि तुमचा चष्मा घालून घरभर आपटत फिरायची. आता मातीचं शास्त्र शिकायला चालली आहे. माती बघायला इतक्या लांब कशाला, असं तुम्ही म्हणाला असतात आणि मग स्वतःच चार लोकांना कौतुकानं सांगत सुटला असतात. मीही सांगते. शाळेत सांगते, गल्लीत सांगते, बेलापूरच्या स्टँडवर कुणी जुनं माणूस भेटलं तर थांबवून सांगते. सगळ्यांना वाटतं आत्याला किती आनंद झालाय. पण तुम्हाला माझं खोटं लगेच कळायचं, म्हणून तुम्हाला खरं सांगते. माझ्या पोटात दुखतंय. मला तिचा हेवा वाटतो, आणि माझ्या वयाच्या बाईला शोभणार नाही इतका वाटतो.

हेवा कशाकशाचा वाटावा याला काही धरबंधच राहिलेला नाही. तिथं तिला मिळणाऱ्या खोलीचा फोटो तिनं दाखवला. बोळकांडीसारखी खोली, एक पलंग, एक टेबल, पण खिडकीतून नदी दिसते. त्या खिडकीनं माझे दोन दिवस खाल्ले. तिनं जाड कोट आणला, तो मी अंगात घालून बघितला, ती बाहेर गेल्यावर. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसते, फोनवर कुठल्या तरी गोऱ्या बाईशी बोलते, अडखळली तर हसते आणि पुढे बोलते. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण मला अजून अडखळल्यावर हसता येत नाही. सगळ्यात जास्त हेवा मात्र तिच्या बापाचा वाटतो. म्हणजे आपल्या धाकट्याचा, नववीत दोनदा बसलेल्या. तिनं पुढे केले ते सगळे कागद त्यानं न वाचता सही करून दिले. ‘कुटं करू सई, तेवडं दाव फकस्त,’ म्हणाला. असा बाप मला मिळाला असता तर, हा विचार डोक्यात आला, आणि मग तुमच्या फोटोकडे बघायचं मी टाळलं.

तुम्ही मला वाचायला शिकवलंत, शाळेत घातलंत, कॉलेजातही. हे मी विसरलेले नाही. फॅक्टरीच्या चाळीत आपल्या घरी मुलगी शिकते याचं लोकांना नवल होतं, आणि तुम्हाला ते नवल आवडायचं. तुम्ही टाइम ऑफिसात, हजेरीबुकं तुमच्या ताब्यात. शेकडो माणसांची नावं रोज तुमच्या हाताखालून जायची, म्हणून नावाच्या बाबतीत तुम्ही फार कडक. कुणी विचारलं की वस्तीतली पोरं नुसतं नाव पुटपुटून पळायची, ते तुम्हाला खपायचं नाही. ‘पुरं नाव सांग. आधी आडनाव. आपलंच हाय ते, चोरून आनल्यालं न्हाई.’ आपल्या आडनावावरून समोरच्याला काय कळतं ते मला पाचवीत कळलं. तुम्हाला त्याच्या कितीतरी आधीच कळलेलं असणार, आणि म्हणूनच तुम्ही ते आधी सांगायला लावायचात. एकदा साहेबांच्या बाईंना मी नुसतं नाव सांगितलं, तर तुम्ही मला फाटकापासून परत पाठवलंत. मी रडत गेले, आडनाव, माझं नाव, तुमचं नाव असं एका दमात म्हटलं आणि रडतच परत आले. नातीलाही तुम्ही हेच शिकवलंत, पण सायकलच्या दांडीवर बसवून, हातात रेवड्या देऊन. बघा, मी तेही मोजून ठेवलं आहे.

आणि अर्ज. मी सहावीत असल्यापासून चाळीतले सगळे अर्ज माझ्याकडे यायचे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बदली, रजा. ‘माजी पोरगी लिहिती,’ म्हणून तुम्ही कुणालाही घरी घेऊन यायचात. घोडेगावच्या बाजाराला बैल घेऊन निघालेला माणूससुद्धा बैल आपल्या दारातल्या लिंबाला बांधून तहसीलदाराला अर्ज लिहून घ्यायचा. अक्षर चांगलं होतं माझं. एकही कोरी जागा सोडायची नाही, लिहायला काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. लोक चहापावडर, शेंगा देऊन जायचे. आजतागायत मी दुसऱ्यांचेच अर्ज भरत आले आहे, आणि या वेळी तर घरातल्याच पोरीचा.

नगरच्या कन्सल्टन्सीवाल्यांनी तिच्याकडून आधी आपला एक फॉर्म भरून मागितला होता. त्यावरून ते बुधवारी सकाळी दहा वाजता तिचा व्हिसाचा अर्ज पाठवणार होते. रविवारी दुपारी ती तो छापून घेऊन माझ्याकडे आली. तिच्या आईनं डब्यात शेंगोळे दिले होते. मी ते गरम करायला ठेवले, तिनं टेबलावर कागद पसरले, बारावीचं गुणपत्रक शेजारी ठेवलेलं. ‘आत्या, एकदा नजर घाल. तू बघितलंस की झालं,’ म्हणाली, शेंगोळे उभ्याउभ्याच खाल्ले आणि मैत्रिणीकडे गेली. मी लाल पेन घेऊन बसले. पत्त्यातला पिनकोड चुकला होता, तो सुधारला. तालुक्याचं स्पेलिंग सुधारलं. मग वर बघितलं तर अगदी पहिल्या ओळीत तीन रकाने होते. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. तिनं गुणपत्रकावरून जसंच्या तसं उतरवलं होतं. पहिल्या रकान्यात आडनाव, मधल्यात स्वतःचं नाव, शेवटच्यात धाकट्याचं नाव. आपल्या शिकवणुकीप्रमाणे पहिलं ते पहिलं आणि शेवटचं ते शेवटचं. पासपोर्टवर मात्र सगळं इंग्रजी पद्धतीनं बरोबर आहे. अर्ज असाच गेला असता तर दोन्हीकडची माणसं वेगळी ठरली असती, आणि पुन्हा सगळं करेपर्यंत तिचं कॉलेज सुरू होऊन गेलं असतं. हे सगळं मला एका क्षणात कळलं. अर्ज हा माझा जन्माचा धंदा आहे. मी पेनाला टोपण लावलं आणि शेंगोळ्यांचं पातेलं घासायला घेतलं.

काही ठरवून केलं असं नाही, नाना. मी स्वतःला एकेक सांगत राहिले. कन्सल्टन्सीवाले पासपोर्ट बघतीलच, पैसे कशाचे घेतात. एवढी शिकलेली पोरगी, तिचं तिला कळायला नको का. आणि एक वर्ष उशीर झाला तर असं काय बिघडणार आहे, वय आहे तिचं. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते आणि मला चक्क बरं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती इथेच राहील, माझ्याकडे येईल, शेंगोळे खाईल, नदीच्या खिडकीचं नाव निघणार नाही. सोमवारी धाकट्याचा फोन आला. ‘आक्का, तुजं बघून झालं ना? मंग मला कसलाच घोर न्हाई.’ मी म्हटलं, झालं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती कागद न्यायला आली. मी ते नीट लावून तिच्या हातात दिले, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘सगळं नीट बघितलंस ना तू?’ ती म्हणाली, ‘हो गं, आणि तू पण बघितलंयस की.’ ती गाडीला किक मारून गेली आणि मी दारातच बसले. ते वाक्य माझं नव्हतं. ते तुमचं होतं.

मी बावीस वर्षांची आहे. चाळीतलं आपलं स्वयंपाकघर, आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून माझा अर्ज वाचता आहात. कॉलेजच्या मॅडमनी आणून दिलेला, परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्तीचा. सगळ्या कॉलेजात एकच अर्ज आला होता आणि तो त्यांनी मला दिला होता. तुम्ही नेहमीप्रमाणे प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवता. बोट पहिल्याच ओळीवर थांबतं, पुढे जातं आणि परत पहिल्या ओळीवर येतं. मला वाटतं, चष्म्यातून दिसत नसेल. मग तुम्ही विचारता, ‘समदं नीट बगितलंस ना?’ मी वैतागून म्हणते, हो नाना, कितीदा बघू. ताटातलं भाताचं शीत घेऊन पाकीट चिकटवता, सायकल काढता आणि पोस्टात जाता.

तीन महिन्यांनी अर्ज परत आला. नावात तफावत: मॅडमच्या शिफारसपत्रात एक, अर्जात दुसरं. तेच तीन रकाने, मीही तसंच भरलं होतं. ‘फुडल्या साली पुन्यांदा भरू,’ म्हणालात तुम्ही. पुढल्या साली मला शाळेत नोकरी लागली, मग लग्न, आणि तो अर्ज पुन्हा कुणी आणला नाही. अर्ज परत आला त्याच महिन्यात तुम्ही नगरहून मला घड्याळ आणून दिलंत. सण नव्हता, वाढदिवस नव्हता. आईनं विचारलं, कशापायी आणलं? तुम्ही हात धुवायला बाहेर गेलात.

इतकी वर्षं ती चूक मी माझीच धरून चालले. तुमच्याच टाइम ऑफिसात एका कामगाराच्या विधवेचा फंड नावं उलटसुलट झाल्यामुळे अडकला होता आणि तुम्ही स्वतः खेटे घालून तो सोडवला होतात, ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकलेली. तरीही माझ्या डोक्यात ती कधी माझ्या अर्जाशेजारी आली नाही. त्या तीन रकान्यांची तुमच्याइतकी ओळख पंचक्रोशीत कुणाला नव्हती. त्या मंगळवारी दारात बसल्यावर ते सगळं समजलं. आधी वाटलं, भ्याला असाल. एकटी पोरगी, परका मुलुख. हे माफ करायला सोपं आहे. पण तीन दिवस मी काही भीतीनं गप्प बसले नव्हते. सातवीत शाळा सुटलेला माणूस आपल्या पोरीचा विलायतेचा अर्ज वाचतो तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, ते आता मला तुमच्याकडून ऐकायची गरज उरली नाही. अभिमान तुम्हाला होताच, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या शेजारी दुसरंही काही बसलं होतं, आणि ते माझ्याकडे तसंच्या तसं आलं आहे. मी तुमच्यावर रागावले, नाना. दोन भाकरी करपवल्या इतकी रागावले. तुम्हाला माफ करणं जमलं नाही, कारण मग लगेच स्वतःलाही करावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी साडेसातला मी तिला फोन केला. पहिली ओळ चुकली आहे, म्हटलं. फर्स्ट नेममध्ये तुझं नाव, मग बापाचं, शेवटी आडनाव. तिनं कागद काढून बघितले. मग म्हणाली, ‘बाई गं. गेलं असतं की सगळं. आत्या, तू होतीस म्हणून वाचले.’ आणि मग, अगदी सहज, ‘तुला कधी दिसलं गं?’

‘आत्ताच,’ मी म्हटलं. ‘चहा घेताना लक्षात आलं.’

गेल्या आठवड्यात व्हिसा आला. धाकटा पेढे घेऊन आला, आणि आधी माझ्या पायाशी वाकला. अर्ज आक्कानं वाचवला, असं तो सगळ्या गावाला सांगतो आहे. मला आनंद झाला, पण लगेच नाही. पेढा तोंडात विरघळेपर्यंत वाट बघावी लागली. शुक्रवारी तिचं विमान आहे. तुम्हाला हे सगळं लिहिलं, पण खरं तर हे पत्र तिला लिहायला घेतलं होतं. वर तिचं नाव लिहिलं असतं, तर पत्र तिला द्यावं लागलं असतं.