फोमचे विमान व इतर चीजवस्तू यांच्या वाटणीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, काम पवनचक्क्यांची विद्युत देखभाल, लिहून ठेवते की आज माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे आणि कुणी मागे उभे राहून हे माझ्याकडून लिहवून घेत नाही. ताई मागे उभी होती. तिला चहा करायला पाठवले आहे.

मरण्याचा माझा बेत नाही. सोमवारी मी समुद्रातल्या पवनचक्क्यांवर सहा महिन्यांसाठी रुजू होते आहे, आणि तिथे जाणाऱ्याने मृत्युपत्र करूनच बोटीत पाय ठेवावा असा कंपनीचा नियम आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे. हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितले. तर्कात बसत नाही, पण घातले.

कलम एक. घर माझ्या नावावर नाही, त्यामुळे त्याबद्दल भांडण नाही. बँकेत जे काही असेल ते आईला. तिने ते ‘पोरीची आठवण’ म्हणून जपून ठेवू नये. आधी गीझर बदलावा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत ती तो चालवते आहे आणि त्याच्या तारेचा करपलेला रंग मला आवडत नाही.

कलम दोन. पकडी, पाने, सोल्डरिंगचे सामान आणि मल्टिमीटर ताईला. फ्यूज उडाला की ती अजून मला फोन करते. मी नसेन तेव्हा निदान मीटरला विचारता येईल. मीटर तिच्यासारखा मध्येच विषय बदलत नाही.

कलम तीन. माझे विमान. शिकाऊ माणसासाठी बनवलेले, अंग फोमचे, मोटर विजेची, पंखांचा पसारा सव्वा मीटर. पंख वरून पांढरे, खालून काळे; हा रंग बाबांनी दिला, म्हणजे आकाशात विमानाची पाठ दिसते आहे की पोट ते कळते. विमान, रिमोट, दोन बॅटऱ्या, चार्जर, सुटे प्रॉपेलर आणि रिमोट गळ्यात अडकवायचा पट्टा, हे सगळे माझ्या पश्चात बाबांना मिळावे.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवरून पडले तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताची बोटे पुरती मिटत नाहीत. उजव्या हाताने ते आजही फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढतात. रविवारी ते माझ्याबरोबर गोदामांमागच्या मैदानावर येतात, घडीची खुर्ची टाकून बसतात, आणि विमान पडले की गवतातून शोधून आणतात. एकदा त्यांनी रिमोट मागितला होता. “वारा पडला की देते,” मी म्हणाले. त्यानंतर वारा पुष्कळदा पडला.

माझ्या पश्चात विचारायला कुणी नसेल, म्हणून सूचना इथेच देते. आधी रिमोट चालू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना उलट. क्रम चुकला तर विमान मालकाविना जागे होते आणि मग ते काय करील याचा नेम नाही. घरात जुळवाजुळव करताना प्रॉपेलर काढून ठेवावा. बाबांनी ‘काही होत नाही’ म्हणू नये. शिडीबद्दलही ते हेच म्हणाले होते.

मोटर फिरलीच नाही तर वेगाची दांडी तळाशी आहे का ते बघावे. ती वर असेल तर मोटर रुसून बसते, आणि तेच बरे. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदलाव्यात. मग विमानाच्या मागे उभे राहून झडपा तपासाव्यात. दांडी उजवीकडे, तर शेपटीची उभी झडप उजवीकडे. दांडी आपल्याकडे ओढली, तर आडवी झडप वर. उलटे होत असेल तर रिमोटवर त्या झडपेची छोटी कळ आहे, ती सरकवावी. ‘उडवून तर बघू’ करू नये.

पंखांखाली दोन ठिपके आहेत. त्यांवर बोटांची टोके टेकवून विमान उचलावे आणि तोल बघावा. त्यासाठी बोटे मिटावी लागत नाहीत. नाक किंचित खाली झुकले पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवावी, नाहीतर विमान चढता चढता मान टाकते.

डाव्या दांडीवर फक्त वेग, उजव्या दांडीवर बाकी सगळे. डावी दांडी ठेवू तिथेच राहते, तिला धरून ठेवावे लागत नाही. तळहाताच्या कडेनेही सरकते. रिमोटचा भार पट्ट्यावर येतो. म्हणजे बाबांना हे जमण्यासारखे आहे. मी स्वतः डाव्या हाताची बोटे चिकटपट्टीने बांधून उडवून पाहिले आहे.

सोडताना वाऱ्याकडे तोंड करून, सपाट सोडावे. आभाळाकडे भिरकावू नये. विमान दूर जाते तोवर त्याचे उजवे ते आपले उजवे. वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचे उजवे आपल्या डाव्या हाताला येते. इथे भल्याभल्यांची फसगत होते. तेव्हा जो पंख खाली झुकला असेल त्या बाजूला दांडी न्यावी, जणू त्याला टेकू देतो आहोत. आणि पडणारच असेल तर आधी वेग शून्यावर आणावा. मोटर बंद असली की मोडतोड कमी होते.

कलम चार. ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, यांनी माझे आधीचे विमान मी घरात नसताना ‘सेट करून ठेवले’. प्रॉपेलरची अक्षरे असलेली बाजू पुढे हवी, ती त्यांनी मागे केली. आवाज प्रचंड, जोर काही नाही. हे वर्णन प्रॉपेलरचे आहे. ते विमान पाण्याच्या टाकीवर आपटले. भावोजी अजून सांगतात, “त्या विमानातच खोट होती गं.” त्या विमानाचा उरलेला डावा पंख भावोजींना देण्यात यावा आणि त्यांनी तो बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांना दिसेल असा लावावा.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरे झाले.

पुरवणी. ते पुरे झाले नाही.

साक्षीला मी दोघांना बोलावले होते. समोरच्या दाताच्या डॉक्टरांनी न वाचता सही केली. रुग्णांकडून न वाचता सह्या घेण्याची त्यांना सवय आहे, देण्याचीही असावी. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी मात्र चष्मा लावला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी त्यांना सांगितले.

“अगं, मी तर उसवायला आलेला ब्लाउजसुद्धा उलटासुलटा करून बघते,” त्या म्हणाल्या आणि वाचत बसल्या. तिसऱ्या कलमाशी थांबल्या. “हे काय गं? बापाला विमान कधी मिळणार?”

“माझ्या पश्चात.”

“म्हणजे तू मेल्यावर.”

“कायद्याची भाषा तशीच असते, काकू.”

“भाषा राहू दे. त्याचं वय किती, तुझं किती? म्हणजे त्या माणसाला विमान उडवायचं तर त्यानं लेकीच्या मरणाची वाट बघायची? आणि हा पट्टा तर मीच शिवला. मापाला शर्ट बापाचा घेऊन आलीस, आणि म्हणालीस, ‘माझ्यासाठी आहे.’ मी गप्प बसले. म्हटलं, असेल सरप्राइज.”

“हात—” मी म्हणाले.

“हाताचं तूच वर लिहिलंयस, जमण्यासारखं आहे म्हणून. मग अडलंय कुठे?”

मी चहाचा कप पुढे सरकवला. उत्तर इथे नोंदवते, कारण हा कागद खरे लिहिण्यासाठी आहे. विमान पडेल ही माझी भीती नव्हती. विमान पडतेच. पण ते हातामुळे पडले असे बाबांना वाटेल, आणि शिडीवरून पडल्यावर ब्रशांचा डबा माळ्यावर टाकला तसे तेही टाकून ते गप्प होतील, ही भीती होती. त्यानंतर ते मैदानावरही आले नसते.

काकूंनी पेन टेबलावर ठेवले. “मी नाही बाई सही करणार. आधी हे कलम सरळ कर, मग बोलाव.” आणि चहा न घेता गेल्या. ताईने दोन्ही कप प्यायले.

पुरवणी दुसरी. रविवार, मैदानावरून परतल्यावर.

आज आईही आली आणि घडीच्या खुर्चीत बसली. पट्टा बाबांच्या गळ्यात बरोबर बसला. ते म्हणाले, “वारा पडला वाटतं.” वारा चांगला वाहत होता. मी विमान सोडले. ते चढले. डावी दांडी त्यांनी तळहाताने सरकवली, उजवी दोन बोटांत धरली, आणि पाटीवरचे अक्षर वळवावे तसे विमान वळवले. मी शेजारी उभी राहून सूचना देत होते.

“जरा गप्प बस,” बाबा म्हणाले. मी बसले.

मग विमान आमच्याकडे तोंड करून यायला लागले. डावा पंख झुकला. बाबांनी दांडी नेमकी उलटी नेली, विमान आणखी झुकले, त्यांनी आणखी उलटी नेली, आणि ते गवतात नाक खुपसून पडले. वेग शून्यावर आणायचा राहिला. प्रॉपेलर तुटला, नाकाला चीर गेली.

बाबांनी डावी दांडी आता तळाशी आणली. 

“हातानं नाही पडलं हे,” ते म्हणाले. “डोक्यानं पडलं. त्याचं उजवं माझ्या डाव्या हाताला आलं ना? माझा घोळ झाला.”

“सगळ्यांचा होतो.”

“तुझा झाला होता?”

“पहिल्याच दिवशी. दोनदा.”

“दोनदा!” त्यांना इतका आनंद झाला की खुर्चीत बसलेल्या आईला त्यांनी ते मैदानाच्या या टोकावरून ओरडून सांगितले. “अगं, ऐकलंस का! इंजिनीअरबाईंनी दोनदा पाडलं होतं!” मग स्वतःच जाऊन तुकडे गोळा केले.

सबब कलम तीन खोडले आहे व खोडल्याच्या जागी सही केली आहे. त्यात वर्णन केलेले विमान आता मृत्युपत्रकर्तीच्या मालकीचे नाही, त्यामुळे ते कुणाला द्यावे हे ठरवण्याचा तिला अधिकार नाही. सूचना मात्र खोडलेल्या नाहीत. त्या मालकांनी वाचाव्यात. बाकीची कलमे जशीच्या तशी कायम. भावोजींचेही.

हे लिहीत असताना विमान याच टेबलावर आहे. मालक नाकाला गोंद लावत आहेत. चिरेची एक कड वर राहिली आहे असे मला दिसले, म्हणून मी बोट पुढे केले.

“हात लावायचा तर विचारून,” मालक म्हणाले.

मी विचारले.

मृत्युपत्रकर्तीची सही, वाचता येईल अशी.

साक्षीदार एक: समोरचे दाताचे डॉक्टर. दुसऱ्यांदा सही, दुसऱ्यांदा न वाचता.

साक्षीदार दोन: शिंपीणकाकू. पूर्ण वाचून, चष्मा पुसून परत वाचून, मग सही.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल, गोंद सांडलेली बाजू सोडून.
दिनांक: बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी.