हंसांच्या कवितेची दुसरी ओळ

१८ ऑक्टोबर

टाके निघाले! डोक्याची डावी बाजू भादरलेली. बायकोनं, तोमिएनं, पाटीवर लिहिलं – "अर्धे भिक्षू!" उरलेला अर्धा कोण, म्हणून विचारलं. तिनं लिहिलं – "पोस्टमन. तोही रिटायर."

कानाच्या आतल्या शंखात बारीक तार बसवली आहे. ती नसेला विजेचे चिमटे काढणार आणि नस मेंदूला उठवणार, असं उसामी डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. कानामागचं यंत्र लोहचुंबकानं डोक्याला चिकटायचं. ते पुढच्या महिन्यात सुरू करतील. दहा-अकरा वर्षं झोपलेला माझा मेंदू! उठेल का?

मला फार काही ऐकायचं नाही. टीव्ही नको, बातम्या नकोत. तोमिएच्या तोंडून हंसांची कविता ऐकायची आहे. तिसरीच्या वर्गात कोळशाची शेगडी असायची, खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी. मास्तर एका बाकाला पहिली ओळ म्हणायला लावायचे, समोरच्या बाकानं दुसरीनं उत्तर द्यायचं. थंडीनं गाल उललेली तोमिए उठून म्हणायची –

गेले हंस उत्तरेला, तळ्यात राहिलं आभाळ

आणि समोरून मी –

त्यांच्या पंखांची हाक अजून ऐकते सकाळ

टपालाची पिशवी घेऊन डोंगर चढताना हेच म्हणत असे. पत्रं जड वाटायची नाहीत.

तिला म्हटलं, यंत्र सुरू झालं की पहिल्यांदा तेच म्हण. तिनं लिहिलं – "आधी नीट ऐकू येऊ दे. दगडापुढे म्हणायला मी काही देवळात आलेली नाही!"

१४ नोव्हेंबर

यंत्र सुरू झालं.

यंत्राची पट्टी जुळवतात त्या किरितानीबाई. कोवळी पोर, पण हाताला घाई नाही. समोर चेहऱ्यांचा तक्ता – एका टोकाला झोपाळू चेहरा, मध्ये हसरा, दुसऱ्या टोकाला रडका. त्या एकेक सूर चढवत न्यायच्या, मी बोट ठेवायचं. हसऱ्यावर बोट आलं की आवाज बेताचा, रडक्यावर आलं की सोसवत नाही.

मग तोमिए काहीतरी बोलली. पत्र्याच्या पिंपात कावळा कोंडावा तसा आवाज. मी वाकून म्हटलं, "तुझाच आवाज!" तोमिए रडली. किरितानीबाईंच्याही डोळ्यांत पाणी. मग खरं कसं सांगणार?

३ डिसेंबर

डोकं ठणकतं. वाटीला जेवायची काडी लागली तरी तलवारी भिडल्यासारखं. तोमिए भांडी विसळते तेव्हा यंत्र काढून खिशात टाकतो. तिला सांगितलं नाही.

१९ डिसेंबर

पुन्हा पट्टी जुळवली. आवाज आणखी चढवला. डोळ्यांपुढे काजवे! पण बाईंनी दुपारचं जेवण टाकून मला वेळ दिला होता. रडक्या चेहऱ्यावर बोट कसं ठेवायचं? हसऱ्यावरच ठेवलं. "फार छान. तुमचे उपकार आहेत." येताना घरची वाळवलेली पर्सिमॉन फळं दिली. त्या कमरेत वाकल्या, मी त्यांच्याहून खाली वाकलो.

९ जानेवारी

वाईट दिवस. शब्द ओळखण्याची चाचणी झाली. नोव्हेंबरपेक्षाही घसरलो.

उतारवयात बहिरे झालेल्यांचा मेंदू पुन्हा कसा शिकतो, यावर उसामी डॉक्टरांचं संशोधन चालू आहे. पलीकडच्या प्रयोगशाळेत कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवायच्या खटपटी चालतात. "ते नातवंडांच्या कामी येईल. तुमच्यासाठी आज तारच," असं त्यांनी मागे लिहून दिलं होतं. आज मात्र लिहिताना त्यांचं पेन अडखळत होतं – "तुमचं उत्तर नेहमी छान आणि चाचणी नेहमी वाईट. हे माझ्या कागदावर बसत नाही. तार सरकली असेल. तसं असेल तर पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा उघडायचं – या वयात! बसमध्ये तोमिएनं माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

१६ जानेवारी

पकडला गेलो!

किरितानीबाई आज तक्त्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सूर चढला. मी हसऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी यंत्र थांबवून भराभरा लिहिलं – "बोट हसतंय आणि डोळे गच्च मिटलेत! खांदे कानाला लागलेत! दुखतंय ना?"

"थोडं…"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि लिहिलं – "कुमागाईसान! चपला दाराबाहेर काढता ना? सभ्यपणाही तिथेच काढायचा! या खोलीत अनवाणी यायचं!"

"तुम्ही एवढे कष्ट घेता. तक्रार करणं बरं दिसत नाही."

"तक्रार ऐकणं हेच माझं काम. मला नावं ठेवा!"

मग सगळे सूर पहिल्यापासून. मी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. एकदा ठेवलं, मग ठेवतच सुटलो. लाज गेली की हात मोकळा होतो! आवाज खाली, आणखी खाली… आणि एकदम काहीतरी कुजबुजलं. कागदावर चालणारं पेन! पेनलाही आवाज असतो, विसरलोच होतो.

त्या काहीतरी बोलल्या. शब्द होते ते! धूसर, पण शब्द. मी म्हटलं, "बाई, तुमचा आवाज जरा नाकात आहे."

त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या, मग लिहिलं – "हे पहिलं खरं बोललात! आता तुम्हीही हळू बोलायला शिका. पलीकडच्या इमारतीत ऐकू जातंय!"

म्हणजे इतकी वर्षं मी घरात ओरडतच होतो! आणि तोमिए एका शब्दानं बोलली नाही.

उसामी डॉक्टरांनी दारातून डोकावून मान हलवली आणि लिहून दाखवलं – "तार जागेवरच आहे. सरकला होता तो पेशंट."

३० जानेवारी

घरचा अभ्यास. तोमिएनं हातपंख्याआड तोंड झाकून शब्द वाचायचे, मी ऐकून तेच म्हणायचे. तोमिए मोठ्यानं वाचते. जुनी सवय, बहिऱ्या नवऱ्याची. मी मात्र आता हळू बोलतो, बाईंनी सांगितल्यासारखा. आवाज अजून तिचा नाही, पण कावळा उडून गेला.

मी काहीही म्हटलं की पाटीवर गोल काढून ती लिहिते – "बरोबर!" नंतर पुस्तक बघितलं. तिनं विहीर वाचलं होतं, मी फावडं म्हटलं होतं. तरी बरोबर! अशी लाडावणारी मास्तरीण तिसरीत मिळाली असती तर पहिला आलो असतो.

१२ फेब्रुवारी

शेगडीवर किटली शिट्टी वाजवत होती. तोमिए शेजारीच विणत बसलेली, उठेना. मी उठून उतरवली. तिनं वर बघून टाळ्या वाजवल्या. माझी परीक्षा घेते, लबाड!

टीव्हीही मुद्दाम मोठा ठेवते. मी कमी केला की पुन्हा वाढवते. "अगं, येतं मला ऐकू!" म्हटलं. ती हसून मान हलवते.

२४ फेब्रुवारी

चाचणी. उसामी डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. किरितानीबाईंनी सगळ्यांसमोर माझा हात वर धरला, कुस्ती जिंकल्यासारखा! "आता कविता ऐका," म्हणाल्या. त्यांना मी कधी सांगितलं होतं? ओरडण्याच्या दिवसांत सगळ्या दवाखान्याला सांगितलं असणार.

२ मार्च

हंस निघाले.

सकाळी तळ्यावर गेलो. तोमिएनं पाटी मुद्दाम घरीच ठेवली. थव्यानं पाण्यावर धावत पंख उचलले. तो आवाज! ओल्या चादरी झटकाव्यात तसा, वर जाता जाता मऊ होणारा. मी बघत होतो आणि ऐकतही होतो, एकाच वेळी!

तोमिए तळ्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली, बाकाशेजारी उभी राहायची तशी.

"गेले हंस उत्तरेला, तळ्यात राहिलं आभाळ…"

तिचा आवाज! थोडा खरखरीत, म्हातारा झालेला. पण 'आभाळ' म्हणताना अजून तसाच उचलते – टाचा वर करून फळीवरचं काही काढावं तसा. हेच मागितलं होतं. मिळालं.

बाईंनी शिकवलेल्या हळू आवाजात मी माझी ओळ म्हटली. ती तळ्याकडेच बघत राहिली. बऱ्याच वेळानं वळून म्हणाली, "अहो, तुमची ओळ? विसरलात?"

वाऱ्यावर गेली असेल. पुन्हा म्हटली. तिनं हसून मान हलवली. "छान, छान."

५ मार्च

तोमिए भांडी विसळत होती. मागे उभं राहून नेहमीच्या आवाजात तिला तीनदा हाक मारली. ती वळली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली, लगेच हसली. ते हसू मी ओळखतो. तक्त्यावर मी दर वेळी त्याच्यावरच बोट ठेवत होतो.

किरितानीबाईंना फोन केला. या कानानं केलेला पहिला फोन! तोमिएसाठी वेळ मागितली.